कागद पक्का आहे

वर्धा,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय वर्षू,

सप्रेम नमस्कार. काकूंना माझा जय भीम सांगशील. त्यांचा गुडघा आता कसा आहे? थंडी सुरू झाली की त्यांना जास्त त्रास होतो, म्हणून विचारते. काजलची सहामाही संपली असेल. आठवीचं गणित अवघड असतं. शिकवणी लावायची असेल तर पुलगावला एक चांगले सर आहेत, नंबर देईन.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच टिक दिसते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. वीस वर्षं कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज टाईप करते आहे, पण हातानं दोन पानं लिहायची सवय गेली. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

आमच्याकडे ठीक आहे. आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे आणलं होतं, परवाच नाचणगावला परत गेली. ऑटो तुझ्या घरावरूनच गेला म्हणाली. उतरली नाही. हे बरे आहेत. आमची टेबलं आता मागच्या भिंतीकडे हलवली आहेत, तिथे दुपारभर ऊन येतं. अण्णाजींच्या जागेवर एक नवा मुलगा कॉम्प्युटर घेऊन बसतो. अण्णाजींना जाऊन वर्ष झालं.

निकालाची नक्कल मला शुक्रवारी वाचायला मिळाली. पेन्शनवर काजलचा हक्क मान्य केला आहे, ते चांगलं झालं. तुझ्याबद्दल जे लिहिलं आहे, 'अर्जदार क्रमांक एक ही मयत धनंजय यांची कायदेशीर पत्नी ठरत नाही', ती कोर्टाची भाषा असते. मी रोज असलीच भाषा टाईप करते. मनाला लावून घेऊ नकोस. वर अपील करता येतं, मुदत अजून आहे. कागद मी स्वतः तयार करून देईन.

माझ्या साक्षीच्या दिवशी तू बाहेर पडलीस ती थांबलीच नाहीस. मी फाटकापर्यंत मागे आले होते. त्या दिवशी मला ताप होता, आणि उलटतपासणीत माणूस गांगरतो. एवढंच झालं, दुसरं काही नाही.

एकदा भेट. तू म्हणशील त्या दिवशी मी नाचणगावला येते.

तुझी,
मोनाली


नाचणगाव
२४ नोव्हेंबर

मोना,

पत्र पोचलं. आईचा गुडघा होता तसाच आहे. शिकवणी लावणार नाई.

मले तुझ्यासारखं लिहिता येत नाई. बोलते तशीच लिहून राह्यली.

अपील करणार नाई. वकिलाले विचारलं. तो म्हणे, बाई, पहिलीसंग कोर्टातून घटस्फोट झालाच नव्हता, तं दुसरं लग्न कायद्यात झालंच नाई. शंभराच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी म्हणजे नुसता कागद. एकच रस्ता होता म्हणे. आमच्या समाजात अशी सोडचिठ्ठी आधीपासून चालत आली, अन् रूपालीनं ती राजीखुशीनं देली, हे साबित कराचं. त्याले साक्षीदार पाह्यजे होता. सोडचिठ्ठी लिहून देणारे अण्णाजी वारले. ती टाईप करणारी तू, तू एकटी राह्यली होती.

मी तुले खोटं बोलाले सांगतलं नव्हतं. डोळ्यानं पाह्यलं तेवढं सांगजो म्हटलं होतं. रूपाली तळेगावहून भावासंग आलती. तिनं कागद दोनदा वाचून घेतला. सही केली. जाताना काजलच्या बाबाले म्हणाली, आता तुमचं तुमी पाहा, माझं मी पाहते. अन् फाटकाबाहेर भावासंग पाणीपुरी खाऊन बसस्टँडवर गेली. हे मले कोणी सांगतलं होतं? तूच सांगतलं होतं. अन् कोर्टात रूपालीच्या वकिलानं विचारलं, सही करताना बाईवर दबाव होता का, तं तू म्हणाली, आठवत नाही, मी फक्त टाईप केलं.

सातवीत मी कोणत्या बाकावर बसत होती ते तुले आठवते.

काजलचे बाबा जाम गावच्या चौकात गाडीतून उतरता उतरता पडले, त्याले दोन वर्षं झाली. साहेबाची गाडी होती, ड्युटीवरच गेले. तवापासून मी कचेरीच्या पायऱ्या चढून राह्यली. परवा तिथल्या बाबूनं फारम भरताना विचारलं, "बाई, मयताशी तुमचं नातं काय लिहू?" त्याचा काही दोष नाई, त्याले रकाना भराचा होता. मी म्हटलं, मुलीची आई लिहा. तो म्हणे, असा रकाना नाई. मग त्यानं ती जागा कोरी ठेवली.

तेरा वर्षं मी त्यायच्या घरात होती, मोना. विहारात सगळ्यांसमोर लग्न लागलं. तू माझ्या बाजूले उभी होती.

हे स्थळबी तूच आणलं होतं. माणूस चांगला आहे, सरकारी नोकरी आहे, पहिलीसंग फारकत झाली आहे, असं तू आईले येऊन सांगतलं. मी मुद्दाम वर्ध्याले आली, तुझ्या टेबलापाशी उभी राह्यली अन् तुले विचारलं, पहिलीचा कागद पक्का आहे का. तू कोर्टात बसते, तुले समजते. तू हो म्हणशील तं मी हो म्हणीन. तू म्हणाली, कागद पक्का आहे.

मले एकच सांग. तुले तवा माहीत होतं का?

ताप होता हे नको लिहू.

वर्षाली


वर्धा,
३ डिसेंबर २०२४

वर्षू,

हो. माहीत होतं.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं आणि जाऊन भांडी घासून आले. आता पुढचं लिहिते.

जून २००८. धनंजयराव आणि रूपाली समोरासमोर बसले होते, मध्ये तिचा भाऊ. दोन वर्षं ती माहेरीच होती, मूलबाळ नव्हतं, दोघांनाही सुटायचं होतं. अण्णाजींनी मजकूर सांगितला, मी टाईप केला. 'आजपासून आपसात पतिपत्नीचे कोणतेही नाते राहिलेले नाही.' नोटरीचा शिक्का झाला. तू लिहिलंस ते सगळं तसंच घडलं, पाणीपुरीसकट. ते गेल्यावर अण्णाजींनी चहा मागवला आणि मला म्हणाले, "पोरी, एक ध्यानात ठेव. ह्या कागदानं लग्न मोडत नाई. कोर्टाचा हुकूम लागते."

मी विचारलं, "मग आपण त्यायले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं तं ते बाजूच्या टेबलावर जातील. तिथं हाच कागद होईल. लोकाइले हुकूम नको असते, शिक्का पाह्यजे असते."

मी पंचवीस वर्षांची होते. त्या टेबलावर अशा पंधरावीस सोडचिठ्ठ्या तरी मी टाईप केल्या असतील. कोणाला काही सांगितलं नाही. पण ती सगळी गिऱ्हाईकं होती. तू गिऱ्हाईक नव्हतीस. तू विचारलंस तेव्हा अण्णाजी जेवायला गेले होते, आजूबाजूला कोणी नव्हतं. मला खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. 'कागद कच्चा आहे, आधी कोर्टातून घटस्फोट घ्यायला लाव, वर्षभर थांब', एवढंच म्हणायचं होतं. धनंजयराव सरळ माणूस होते, त्यांनी तेही केलं असतं. रूपालीही तयार झाली असती.

कोर्टातलंही सांगते. त्या वकिलानं दबावाचं विचारलं तेव्हा मला सगळं लख्ख आठवत होतं. पण त्याचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. 'बाई, हा कागद कायद्यात चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं का? मग ह्या अर्जदार बाईंना तुम्ही काय सांगितलं?' तू समोरच्या बाकावर बसली होतीस, काजलची ओढणी मांडीवर घेऊन. तुझ्यासमोर ते उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती. म्हणून पहिल्याच प्रश्नाला आठवत नाही म्हटलं, की पुढचे प्रश्न येणारच नाहीत. आणि आले नाहीत.

इथपर्यंत लिहून मी पाकीट बंद केलं होतं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पोस्टाच्या पेटीसमोरून दोनदा परत आले, कारण मी का केलं ते यात कुठेच नाही. म्हणून पाकीट फोडलं.

त्याच वर्षी पोळ्यानंतर आमचा प्रफुल्लदादा कोर्टात माझ्याकडे आला होता. तुमच्या दोघांचं मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, आमच्या घरात कळलेली मी एकटीच होते. आमचे बाबा कसे होते ते तुला सांगायला नको. शाळेत असताना तू आमच्याकडे यायचीस तेव्हा तुझा पाण्याचा पेला वेगळा धुतला जायचा आणि आपण दोघी ते न पाहिल्यासारखं करायचो.

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातून दोन फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवले, एक त्याचा, एक तुझा. म्हणाला, "मोना, ते कोर्टातल्या लग्नाचा फारम भरून दे. मी पक्कं करून आलो."

मी त्याला म्हटलं, "दादा, तसं लगेच होत नाई. आधी नोटीस द्यावी लागते. तीस दिवस ती कचेरीच्या बोर्डावर लागते. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं. बाबांच्या ओळखीचे किती लोक ह्या आवारात रोज येतात, तुले माहीत आहे."

"मग?"

"मग काय. तिसऱ्या दिवशी बाबा इथं येतील. आधी तुझी नोकरी कायम होऊ दे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण बाकीचं मी सांगितलं नाही. जातीवरून कोणाची हरकत तिथे चालत नाही हे सांगितलं नाही. तीस दिवस तुम्ही दोघं दुसरीकडे राहू शकत होतात, अण्णाजी साक्षीदार म्हणून उभे राहिले असते, मी राहू शकत होते, हे सांगितलं नाही. दादा बराच वेळ बोर्डाकडे बघत उभा होता. मग फोटो उचलले आणि म्हणाला, "पाहू मग दिवाळीनंतर. तिले सांगजो, थांब म्हणाव."

मी तुला काय सांगितलं ते तुला आठवत असेल. 'दादा येऊन गेला. त्याचं काही जमणार नाही म्हणाला.' तू विचारलंस, "असंच म्हणाला?" मी म्हटलं, "असंच."

त्या दिवसांत हिंगणघाटचं माझं जमलं होतं, वर्षू. साखरपुडा दिवाळीनंतर होता. माझ्या भावानं तुमच्या वस्तीतली मुलगी केली असती तर ते लोक दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले असते. मी पंचवीस पार केली होती, दोन स्थळं आधीच मोडली होती. मला वाटलं तुझं दुसरीकडे लवकर जमलं तर कोणाचंच वाईट होणार नाही. धनंजयरावांचा पत्ता माझ्याकडे त्या कागदावरच होता.

माझं लग्न फेब्रुवारीत झालं. तुझं एप्रिलमध्ये. माझं लग्न कायद्यानं पक्कं आहे. नोंदणी केलेली आहे, दाखला कपाटात आहे.

तुझ्या लग्नाची बातमी दादाला मीच सांगितली. तो जेवत होता. त्यानं ताट संपवलं, हात धुतले आणि म्हणाला, "तिनं ठरवलं तं बरंच झालं." आजवर त्याला वाटतं तू थांबली नाहीस. धनंजयरावांच्या मयतीला तो आला होता, तू पाहिलं नसशील. आत आला नाही. चपलांपाशी उभा राहून गेला.

आता काय करता येईल ते मला समजत नाही. तू म्हणशील तर खरं काय घडलं त्याचं प्रतिज्ञापत्र करून देईन, रूपालीनं राजीखुशीनं सही केली हे शपथेवर लिहून देईन. त्याचा उपयोग होईल का, मला शंका आहे. पण दादाला मात्र सांगायचं ठरवलं आहे. त्याला निदान इतकं कळावं की तुला निरोपच मिळाला नव्हता. तू हो म्हण, की मी नाचणगावला येऊन त्याला समोर बसवून सांगते.

क्षमेचा शब्द लिहिण्याचीही लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

मोनाली


नाचणगाव
१९ डिसेंबर

मोनाली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईले दाखवलं नाई.

मागच्या बुधवारी रूपाली आलती. तळेगावहून, एकटी, बसनं. मी कोर्टात तिले पाह्यलं होतं म्हणून वळखली. पिशवीत संत्री घेऊन आलती. आई म्हणे, बस. ती खाटेच्या काठावर बसली. मग म्हणाली, "ताई, त्यायचा एखादा फोटो आहे का? कचेरीत मागून राह्यले. माझ्यापाशी एकबी नाई."

मी म्हटलं, "लग्नातला नाई?"

"भावजयीनं चुलीत घातला, तवाच."

मी चहा ठेवला. काय करणार, घरात आलेल्या माणसाले हाकलता येत नाई. चहा पेता पेता तिनं आपणहून सांगतलं. २०११ मध्ये तिले आर्वीचं स्थळ आलतं. बायको वारलेला मास्तर होता, दोन लेकरं होती. सगळं जमलं होतं, साडीबी घेऊन झालती. मास्तराच्या भावानं तो सोडचिठ्ठीचा कागद वकिलाले दाखवला. वकील म्हणे, ही बाई अजून धनंजयची बायको आहे, हिच्यासंग लग्न केलं तं नोकरी जाईल. ते लोक परत आलेच नाई. तवापासून ती भावाच्या घरी स्वयंपाक करून राह्यली. मी विचारलं, मग कोर्टात काऊन नाई गेली? तं म्हणे, "भाऊ म्हणाला, आता कोणासाठी जातं."

जाताना म्हणाली, "कोर्टात मी खोटी बोलली, ताई. मले कोणी जोर नव्हता केला. वकील म्हणे तसं बोल, नाई तं तुले काहीच भेटणार नाई." मले तिचा राग याले पाह्यजे होता, पण ती संत्री मोजून काजलच्या हातात देत होती अन् मले तिच्या हाताकडे पाहून राग येईना. मले कोर्टानं बायको नाई म्हटलं, अन् तिले चौदा वर्षं नको असताना बायको ठेवलं.

सुट्टा फोटो माझ्यापाशीबी नव्हता. काजलच्या वाढदिवसाचा होता, आमचा तिघांचा. त्यातून त्यायचा भाग कैचीनं कापून तिले देला.

आता तुझ्या पत्राचं.

कोर्टानं सांगतलं का मी त्यायची बायको नव्हती. मले वाईट वाटलं, पण मी ते ऐकून घेतलं, कारण होती हे मले माहीत होतं. काजलच्या वेळी त्यायनं मले कसं सांभाळलं, ते आईले माहीत आहे. तेरा वर्षांत मले उलटा शब्द बोलले नाई. प्रफुल्लचं मी लग्नाच्या आधीच मनातून काढून टाकलं होतं. त्यानं नाई म्हटलं, संपलं, असं समजून मी त्या घरात गेलती. म्हणून मले तिथं नीट राहता आलं.

तू लिहिल्यापासून कोणताबी दिवस आठवाले गेली का मधात ते येते. तो थांब म्हणाला होता. मी काजलच्या बाबाच्या ताटात भाजी वाढून राह्यली असं आठवते, अन् त्याच्या मांगून ते येते. ज्या माणसानं मले काही केलं नाई, त्याच्या नावानं आता मले चोरट्यासारखं वाटते. त्यायले सांगताबी येत नाई.

मी तुले कागदाचं विचारलं होतं. माहीत होतं का, एवढंच. तेवढंच लिहून थांबली असती तं चाललं असतं.

प्रतिज्ञापत्र नको. वकिलाले विचारलं, तो म्हणे समाजातली रीत एका बाईच्या सांगण्यानं साबित होत नाई, अन् आता साक्ष फिरवली तं तुलेच पकडतील. मले तुले पकडून काय कराचं आहे.

प्रफुल्लले सांगाचं नाई. कधीच नाई. त्याची बायको अंगणवाडीत आहे, आमच्या गल्लीत लेकरायले डोस पाजाले येते. आईले काकू म्हणते, गुडघ्याले लावाले तेल तिनंच आणून देलं. तिचं लग्न पक्कं आहे, ते तसंच राहू दे. तुले सांगून मोकळं व्हाचं होतं, तू मले सांगतलं. त्याच्यापाशी जाऊन आणखी मोकळी होऊ नको. हे तुझ्यापाशीच राहू दे, मरेपर्यंत. माझ्यासाठी काही कराचं असन तं एवढं कर.

यापुढं पत्र टाकू नको. पोस्टमन आईच्या हातात देते अन् आई विचारते मोनानं काय लिहिलं. ती अजून तुझी आठवण काढते.

आधार कार्डावर माझ्या नावापुढं अजून त्यायचं नाव आहे. आता तिथं काय लिहाचं ते कोर्टानं सांगतलं नाई, अन् माहेरचं नाव लिहाले हात वळत नाई. म्हणून एवढंच लिहिते.

वर्षाली